टॉक आणि पोस्टर: छोट्या सायंटिफिक मीटिंगला जायच्या आधी

मीटिंग इनफॉर्मल आहे म्हणून तयारी कमी चालेल असं अजिबात नाही, उलट इथे लोक मध्येच थांबवून विचारतात, त्यामुळे स्लाइड उघडायच्या आधी कागदावर एक वाक्य लिहा की आपण नक्की कुठे अडलोय, आणि ते वाक्य टॉकमध्ये खरंच बोलून दाखवा. अर्धवट काम नेलं तरी चालतं. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्स, म्हणजे एकेका विषयावरच्या शास्त्रज्ञांच्या छोट्या मीटिंग, 1931 पासून चालू आहेत आणि तिथे न छापलेल्या कामावर मोकळेपणाने बोलता यावं म्हणून फोटो आणि रेकॉर्डिंगला बंदी असते, तुमच्या मीटिंगचा नियम काय ते आधीच विचारून घ्या, आणि दुसऱ्या कुणाचा डेटा दाखवणार असाल तर त्यांना कळवून ठेवा.

टॉकला 15 मिनिटं असतील तर 12 मध्ये संपवा. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून दोनदा तरी बोलून बघा, मनातल्या मनात केलेल्या प्रॅक्टिसमध्ये वेळेचा अंदाज येत नाही. ग्राफ आला की लगेच रिझल्टवर उडी नको, आधी आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, एक ठिपका म्हणजे एक उंदीर की एक पेशी की एक अख्खा प्रयोग ते सांगा, एरर बार (ठिपक्याच्या वर-खालच्या रेघा) स्टँडर्ड डेव्हिएशनचे, म्हणजे आकडे किती पसरलेत त्याचे, की स्टँडर्ड एररचे, म्हणजे सरासरी किती नेमकी त्याचे, तेही लिहा, कारण बघणारा नाहीतर तेच शोधत बसतो आणि तुमचं पुढचं बोलणं त्याच्या कानावरून जातं. लाल-हिरवी जोडी टाळा, बऱ्याच जणांना त्यातला फरक दिसत नाही, निळा-नारिंगी घ्या. पीडीएफ पेन ड्राइव्हवर, ॲडॉप्टर बॅगेत.

पोस्टरचा बोर्ड उभा की आडवा ते विचारल्याशिवाय डिझाइन सुरूच करू नका. पोस्टर ए-झीरो कागदावर असेल तर तो 841 बाय 1189 मिलिमीटर, छापायच्या आधी तोच पोस्टर ए-फोरवर काढा, 24 पॉइंटची अक्षरं तिथे 6 पॉइंटची होतात, हातात धरून वाचता आली नाहीत तर मजकूर कापा आणि अक्षर वाढवा. मुख्य निष्कर्ष वर, मोठ्या अक्षरात, पूर्ण वाक्यात.

समोर कुणी आलं की आधी विचारा, तुम्ही कशावर काम करता, आणि मग त्यांना लागेल ती दोन मिनिटांची गोष्ट सांगा. आणि नको असलेले ठिपके लपवू नका, प्लीज. माझ्या पोस्टरवर एका मॅडमनी बाजूला पडलेल्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कुठल्या बॅचचा रे?" मला सांगता आलं नाही, परत जाऊन वही काढली तर असे तिन्ही ठिपके एकाच दिवशी केलेल्या बफरचे (प्रयोगात वापरायच्या द्रावणाचे) निघाले. तेव्हापासून बॅचची यादी फोनमध्ये असते, आणि खिशात छोटी वही, कारण कुणी काय विचारलं ते त्याच संध्याकाळी लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी निम्मं आठवत नाही.