कान्हेरीच्या जंगलात आधी पाणी शोधा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्वाच्या सर्वेक्षणाला आलेली मुलं थेट लेणी शोधायला लागतात. मी त्यांना सांगते, लेणं नंतर, आधी पाणी. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंची एवढी वस्ती इथे शतकानुशतकं टिकली ती चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवून. म्हणून जिथे पाणी अडवलंय, वळवलंय, तिथे माणूस होताच.

परवानगी लेखीच घ्या: वनखात्याची, आणि स्मारकाच्या हद्दीत काम असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचीही. वनरक्षक बरोबर हवाच. उत्खननाचा परवाना वेगळा असतो. तो नसेल तर काठीच्या टोकानेसुद्धा माती उकरायची नाही.

फेब्रुवारीनंतर, पानगळ झाली की जा. पावसाळ्यात कारवीचं झुडूप असं माजतं की पायाखालची कोरीव पायरीही दिसत नाही. उतारावर आठ-दहा मीटर अंतर ठेवून रांगेत चाला, शेजारचा नजरेआड होऊ देऊ नका.

इथला खडक झिजला की त्याला आपोआप खळगे पडतात, आणि नवखा माणूस प्रत्येक खळग्याची नोंद करत सुटतो. खांबासाठी केलेली भोकं साधारण एका मापाची, ओळीत असतात. कडेला बोट फिरवलं तर छिन्नीचे तिरके घाव लागतात. पोढीचं, म्हणजे टाक्याचं, तोंड चौकोनी, आणि बऱ्याचदा भोवती झाकण बसवायची खाच. जवळ पन्हळ दिसली तर बाटलीतलं घोटभर पाणी सोडून बघा. खडकाला नुसती चीर असेल तर ते कसंही पसरतं, कोरलेली पन्हळ त्याला मुकाट टाक्याकडे नेते. शिलालेखावर मात्र पाणी नको, खडूही नको. टॉर्च बाजूने तिरपा धरा, अक्षरं उठून दिसतात.

मोजताना एकजण वाकला की दुसऱ्याने उभं राहून चौफेर बघायचं. बिबट्याचं रान आहे हे. चारनंतर काम बंद. कड्यावर आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर-सेंट घरी ठेवा.

पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना 'लेणी कुठे?' असं विचारू नका, 'वैशाखात पाणी कुठे टिकतं?' विचारा. शेंदूर लावलेला दगड वाघोबा असू शकतो. चपला काढा, विचारूनच फोटो घ्या, आणि वहीत 'अज्ञात मूर्ती' असं लिहू नका, ज्यांचा देव आहे त्यांच्याकडून नाव घ्या.

खापर सापडलं तर पट्टी आणि उत्तर दिशेची खूण ठेवून फोटो, जीपीएस नोंद, आणि खापर जिथल्या तिथे. फोनच्या फोटोत ठिकाणाची माहिती आपोआप शिरते, ती आधीच बंद करा. नेमकी जागा फक्त अहवालात जाईल. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेली की पुढच्या रविवारी तिथे मॅगीची पाकिटं दिसतील.