मुलांना चांगलं वागायला लावताना होणाऱ्या चुका (मी केलेल्या धरून)

फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात ‘बडबड करणारे’ असं लिहिलेलं आणि खाली नावं. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. मी चौथीला शिकवते आणि बरीच वर्षं मीही हेच करायचे, ऑफिसात काम निघालं की मॉनिटरच्या हातात खडू द्यायचा आणि जायचं, परत येईपर्यंत नावं तयार, कुणापुढे एक फुली कुणापुढे चार. एकदा मधल्या सुट्टीत दाराशी उभी होते तर वर्गातलं एक पोरगं दुसऱ्याला ऐटीत सांगतंय, ‘माझ्या आज सात झाल्या, तुझ्या तीनच!’ घ्या. मी ज्याला शिक्षा समजत होते तो त्याचा स्कोअरबोर्ड होता.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, पोरगं नीट बसलेलं असतं तेव्हा आपलं लक्षच नसतं आणि बिघडलं की लगेच धावतो. घरी काय वेगळं असतं? मुलगी अर्धा तास गुपचूप चित्र काढत बसली की आपण म्हणतो चला तेवढ्यात दोन फोन उरकू, आणि तिने भावाची वही ओढली की लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर. मुलांना आपलं लक्ष हवं असतं, ओरडा खाऊन मिळालं तरी त्यांना चालतं.

मग मी काय केलं, तर नावं लिहिणं बंद. सात फुल्यावाल्याला वह्या वाटायचं काम दिलं, आणि तो न सांगता पुस्तक काढून बसलेला दिसला की बाकाजवळून जाताना हळूच, ‘पुस्तक काढलंस, बरं झालं.’ एवढंच. सगळ्या वर्गाला उभं करून टाळ्या वगैरे नाही, काही मुलांना चारचौघांत कौतुक झालं की मेल्याहून मेल्यासारखं होतं, मोठ्या वर्गात तर जास्तच.

आता इथेच बहुतेकांची गाडी अडकते. पहिला आठवडा सुधारणा सोडाच, तो आणखी चेकाळला. पत्र्याची कंपासपेटी बाकावरून खाली, धाडकन, आणि मग माझ्याकडे बघायचं. मी फळ्यावर लिहीतच राहायचे पण आतून नुसती उकळत होते, खोटं कशाला सांगू. लिफ्ट आली नाही की आपण बटण चारचारदा दाबतो ना, तसंच आहे हे. नेमक्या त्या वेळी तुम्ही ओरडलात की त्याला कळलं, पाच वेळा पेटी पाडली की बाई बघतात, आणि उद्यापासून तो पाचपासूनच सुरुवात करणार. धीर धरला तर दहा-बारा दिवसांत ओसरतं, आमच्याकडे ओसरलं. पण कुणाला मारतोय, काही फेकतोय, तर तिथे दुर्लक्ष नाही, तिथल्या तिथे थांबवायचं.

दुसरी चूक गोड आहे आणि ती जास्त करून घरी होते. ‘दप्तर भरलंस तर चॉकलेट’, ‘जेवलास तर मोबाईल’. आमच्या घरी आजी या खात्याच्या मंत्री आहेत. चार दिवस मस्त चालतं, पाचव्या दिवशी पोर विचारतं, ‘दप्तर भरलं तर काय देशील?’ आणि आपण गप्प. यावर 1973 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग मला फार आवडतो. बालवाडीतली मुलं, सगळ्यांना स्केचपेनने चित्र काढायची हौस. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल, आणि दिलंही. नंतर मोकळ्या वेळात पेनं समोर ठेवली तर नेमकी हीच मुलं कमी वेळ चित्र काढत होती. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं त्यांची हौस मात्र टिकून होती. म्हणजे बक्षीस वाईट नाही, पण जे मूल आवडीने करतंय त्याला आधी भाव ठरवून देऊ नका. नावडत्या कामाला सुरुवातीला स्टार-बिर चालतो, मग हळूहळू बंद करायचा.

कौतुकाचंही तसंच. ‘गुड बॉय’, ‘शहाणं माझं बाळ’ ऐकून मुलाला छान वाटतं पण नक्की काय केलं ते कळत नाही. ‘बॉल शेजारच्यांच्या गॅलरीत गेला तर तू स्वतः जाऊन सॉरी म्हणालास’ असं म्हटलं की कळतं.

शिक्षेच्या बाबतीत मला दोन गोष्टींची चीड आहे. एक म्हणजे ‘शंभर वेळा लिहून आण’. लिहिणं ही शिक्षा आहे हे आपणच शिकवायचं आणि मग निबंध दोन ओळींचा का म्हणून रडायचं. दुसरी, चुळबुळ्या मुलाचा पीटीचा तास काढून घेणं. अहो, ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच वर्गात बसवता? आणि मारणं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार बंदच आहे, मानसिक छळसुद्धा त्यात आला. तरी पालकसभेला एखादे बाबा येतातच, ‘बाई, चांगला चोपा त्याला, आमची काही तक्रार नाही.’ त्यांना मी विचारते, घरी चोपून फरक पडला का? मग हसतात.

सहलीला नेणार नाही, टीव्हीच विकून टाकते, असल्या धमक्यांबद्दल काय लिहायचं, टीव्ही कोणी विकत नाही हे मुलांना आपल्याआधी माहीत असतं. पाळता येईल तेवढंच बोला, आणि घरात आईचा नियम एक आणि बाबांचा दुसरा असं नको.

एवढं करूनही काहीच हलत नसेल तर वागणं बाजूला ठेवून झोप, भूक, डोळे, कान बघा. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा तपासणीला येते, इतरांनी डॉक्टरकडे दाखवून घ्यावं. माझ्या वर्गात शेजारच्याच्या वहीत डोकावून सतत बोलणारा एक होता, मी वर्षभर त्याला गप्प बस म्हणत राहिले आणि निघाला मोठ्या नंबरचा चष्मा. त्याला फळाच दिसत नव्हता, बिचारा विचारून विचारून लिहायचा. चष्मा लागल्यावरही बडबड करतो, पण आता फळ्यावरच्या माझ्या चुका काढायला.