फ्रान्समधले निवांत रस्ते सायकलसाठी कसे शोधावेत

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी निघतात: जुलैतली टूर द फ्रान्स शर्यत आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. महाराष्ट्रातले ब्रेवे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करणारे दर चार वर्षांनी त्या १,२०० किलोमीटरसाठी जातात. ९० तासांच्या आत परत येतात किंवा येत नाहीत, पण घरी आल्यावर वेळेपेक्षा रस्त्यांबद्दलच जास्त बोलतात. गुळगुळीत डांबर, दोन्ही बाजूंना शेतं आणि तासन्‌तास गाडी नाही.

असा रस्ता नशिबाने लागत नाही, शोधावा लागतो. फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून आहेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या. यातलं प्रत्येक गाव शेजारच्या चार गावांना डांबरी रस्त्याने जोडलेलं आहे. लांबची वाहतूक ऑटोरूटवर, म्हणजे द्रुतगती मार्गांवर गेली, तरुण मंडळी शहरात गेली, रस्ते मात्र जागेवर राहिले आणि त्यांची डागडुजीही होत राहिली. उत्तर-पूर्वेच्या मझ नदीपासून दक्षिण-पश्चिमेच्या लाँदपर्यंतच्या विरळ वस्तीच्या पट्ट्याला तिथे ‘दियागोनाल द्यू व्हीद’, म्हणजे रिकामा कर्ण म्हणतात. त्याच पट्ट्यातल्या अख्ख्या लोझेर जिल्ह्यात ८०,००० माणसंसुद्धा नाहीत. आपले कितीतरी तालुके याहून मोठे आहेत. पण याच जिल्ह्यात चुकीच्या रस्त्याला लागलात, तर बाजूने जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने सायकल डुलते. तेव्हा तयारी घरूनच सुरू करा.

१. नकाशात आधी रंग बघा

ॲप उघडण्याआधी त्या भागाचा मिशलिनचा कागदी नकाशा घ्या. १:१,५०,००० किंवा १:२,००,००० प्रमाणाचा चालेल. त्यात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि गावागावांना जोडणारे पांढरे असतात. आपला रस्ता पांढरा. दोन पांढऱ्या तुकड्यांमध्ये थोडासा पिवळा आला तर चालवून घ्यायचा. लाल रस्ता फक्त ओलांडायचा. रस्त्याच्या कडेला हिरवी पट्टी असेल तर तो निसर्गरम्य समजा, पण सुट्टीत तिथे मोटारवालेही तेच बघायला येतात. रस्त्यावरचे बाण चढ दाखवतात: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३ आणि तीन म्हणजे त्याहून जास्त. तीन बाण दिसले आणि सायकलला सामान बांधलेलं असेल, तर दुसरी वाट बघा.

आकड्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. ‘डी’ म्हणजे जिल्ह्याचा रस्ता, ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय. त्यामुळे डी तेवढा शांत, असं वाटतं. पण १९७० च्या दशकात आणि पुन्हा २००६ मध्ये सरकारने हजारो किलोमीटरचे राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले. पाटी बदलली, ट्रक तेच राहिले. काओर शहरातून जाणारा डी ८२० हा जुना एन २० आहे, आणि फिजाकजवळचा डी ८४० हा जुना एन १४०. डीपुढे आठशे-नऊशेचा किंवा हजारावरचा आकडा दिसला की आधी शंका घ्यायची.

२. मग ॲपवर रेघ ओढा, आणि ती रेघ तपासा

कोमूट असो, राइड विथ जीपीएस असो, रस्ता आखून घ्या. पण ॲपला अंतर वाचवायची घाई असते, त्यामुळे दोन-तीन किलोमीटर वाचवण्यासाठी ते हमखास लाल रस्त्यावर नेऊन सोडतं. आखलेला रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे स्ट्रीट व्ह्यू उघडून एकच गोष्ट बघा: रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ आहे का? रेघ नसेल तर रस्ता अरुंद, आणि गाड्या इतक्या कमी की रेघ मारायची गरज कुणाला वाटली नाही. ही खूण मला कुठल्याही ॲपच्या रंगांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

गाड्या अजिबातच नको असतील, उदाहरणार्थ लहान मुलं बरोबर असतील, तर ‘व्हॉआ व्हर्त’ शोधा. हे मोटारींना पूर्ण बंद असलेले मार्ग. त्यातले बरेचसे जुन्या रेल्वेमार्गांवर आहेत, म्हणून चढ नावालाच. बर्गंडीतला जिव्ह्री ते क्ल्यूनी हा त्यातला सुरुवातीचा. ‘व्हेलोरूत’ची पाटी मात्र नीट समजून घ्या. तो सायकलसाठी आखलेला लांबचा मार्ग असतो, पण त्यातले काही तुकडे साध्या रस्त्यांवरून जातात. लॉआर नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग असाच आहे. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालात तर वारा बहुधा पाठीशी राहतो.

डोंगरच हवा असेल तर आल्प्समधल्या ओत्झाल्प जिल्ह्याचं वेळापत्रक बघा. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी सकाळी तिथले काही घाट मोटारींना बंद असतात. इझोआरसारखा २,३६० मीटरचा घाट गाडीच्या धुराशिवाय चढायला मिळतो. आल्प्समध्ये मेंढ्यांच्या कळपाबरोबर पांढरे, थोराड राखणदार कुत्रे असतात. कुत्रा समोर आला तर खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि हळू चालत पुढे निघा. दामटून निघून जाऊ, असा विचारही करू नका.

३. महिना आणि तास

मे, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करावी लागत नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अर्धा देश सुट्टीवर निघालेला असतो. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा रविवारी रानातल्या रस्त्याने जाताना भडक रंगाचे कपडे घाला.

दिवसातली सगळ्यात शांत वेळ पहाटेची असेल असं आपल्याला वाटतं. ती दुपारची असते. बाराच्या आधी दहा मिनिटं जेवायला घरी निघालेल्यांची गडबड होते, आणि मग दोनपर्यंत गावं चिडीचूप. खिडक्यांच्या आडून काट्या-चमच्यांचा आवाज येतो, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नाइलाजाने लाल रस्त्याचा तुकडा घ्यावाच लागणार असेल तर तो साडेबाराला घ्या.

४. सायकल ताब्यात घेताना

भाड्याची सायकल घेतलीत तर निघण्याआधी दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून बघा. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिथे डाव्या हाताला. उतारावर हे लक्षात आलं तर उशीर झालेला असतो. टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे घ्या. उन्हाळ्यात छोट्या रस्त्यांवर डांबर ओतून त्यावर बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. ‘ग्राव्हियाँ’ अशी पाटी दिसली की वेग कमी करा आणि वळणावर सायकल कलवू नका.

आणि उजवीकडून चालवा. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. शहरात चूक होत नाही, कारण समोरच्या गाड्या आठवण देत राहतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावरच. पहिल्याच दिवशी एका बेकरीतून बाहेर पडलो, पाव पिशवीत कोंबला आणि मजेत डावीकडून निघालो. किलोमीटरभराने समोरून ट्रॅक्टर आला. चालकाने ना हॉर्न वाजवला, ना शिवी दिली. ट्रॅक्टर थांबवला आणि एक बोट दाखवून मला रस्त्याच्या पलीकडे पाठवलं. तेव्हापासून कुठेही थांबलो की सायकल उजव्या कडेलाच टेकवतो, म्हणजे निघताना विचार करावा लागत नाही.

५. नियम, थोडक्यात

घंटी आणि दिवे सक्तीचे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चकाकणारं जाकीट सक्तीचं, १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांनीही घालावंच. कानात इअरफोन घातलात तर १३५ युरो दंड. गावाबाहेर गाडीने तुम्हाला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि बहुतेक जण ते ठेवतात. खरा घोळ होतो चौकात. वेगळी पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो बोळातून येवो की गोठ्याजवळच्या गल्लीतून. पिवळ्या चौकोनाची, टोकावर उभ्या पाटीची खूण दिसली तरच तुमचा रस्ता मोठा.

६. पाणी आणि पाव

रिकाम्या रस्त्याची दुसरी बाजू म्हणजे तिथे चहाची टपरी नसते. कित्येक गावांत एकही दुकान नाही; असलं तरी दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर बंद आणि बऱ्याचदा सोमवारीही बंद. म्हणून सकाळी पहिली बूलाँजरी, म्हणजे बेकरी दिसली की तिथेच दुपारचंही घेऊन ठेवा. आत शिरताना ‘बाँजूर’ म्हणायला विसरू नका. न म्हणता थेट मागणी केलीत तर पाव मिळेल, पण चेहरा बघवणार नाही.

पाण्यासाठी दफनभूमीत जा. ऐकायला विचित्र वाटतं, पण तिथले जुने सायकलवाले हेच सांगतात. गावाच्या टोकाला दगडी भिंत आणि सरूची झाडं दिसली की लोखंडी फाटक ढकला. फुलांना पाणी घालायला आत बहुधा नळ असतोच. नळावर ‘नाँ पोताब्ल’, म्हणजे पिण्याजोगं नाही, असं लिहिलेलं नाही ना, तेवढं बघा. हेल्मेट काढून आत जा, बाटली भरा, फाटक लावून घ्या.

७. सुरुवात कुठून करावी

पहिल्यांदा जात असाल तर लोत जिल्ह्यातलं फिजाक गाठा. रोझेटा शिळेवरची चित्रलिपी उलगडणाऱ्या शाँपोलियाँचं हे जन्मगाव. इथे रेल्वे स्टेशन आहे. प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल नेता येते, तेजेव्हे या अतिवेगवान गाडीत मात्र आधी जागा राखावी लागते. गावातून बाहेर पडताना सुरुवातीचे काही किलोमीटर वर्दळ सोसा. मग डी ४१ लागतो आणि सेले नदीचं खोरं सुरू होतं. वाटेतली गावं: एस्पान्याक, ब्राँग, मार्सियाक, काब्रेरे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला चुनखडीचे कडे, काही ठिकाणी कड्याला टेकूनच बांधलेली घरं. मार्सियाकला पडक्या मठाच्या सावलीत बसून दुपारचा पाव खा. काब्रेरेजवळ पेश मेर्लची गुहा आहे, आत ठिपक्यांच्या घोड्यांची प्रागैतिहासिक चित्रं. तिथे दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात, म्हणून तिकीट आधी काढून ठेवा.

पुढे सेले लोत नदीला मिळते. उत्तर काठाचा डी ६६२ सोडा, पूल ओलांडा आणि डी ४० ने सँ-सिर्क-लापोपीला चढा. चढ खरा आहे, पण वरून नदीचं वळण दिसतं. मुक्काम तिथे किंवा खालच्या गावात करा. सकाळी दक्षिण काठाच्या डी ८ ने काजार्क आणि मग पठारावरून फिजाक. दोन दिवसांत साधारण १०० किलोमीटर होतात. जुलै-ऑगस्टमध्ये सेलेवर होड्या वल्हवणाऱ्यांची गर्दी असते आणि त्यांच्या गाड्या याच रस्त्याने येतात. त्या दिवसांत गेलात तर ब्राँगला खोरं सोडून पांढऱ्या रस्त्याने वर पठारावर चढा. तिथे दगडी कुंपणं, खुरटे ओक आणि मेंढ्या. सावली नाही, दुकान नाही. दोन्ही बाटल्या खालीच भरून घ्या.