पद्मिनीच्या काचेची पट्टी बदलली
आमच्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दारात पावसाचं पाणी उतरायचं. काचेलगतची बाहेरची रबर पट्टी वयोमानाने वाळून कडक झाली होती. काच पूर्ण खाली घेतली, हँडल आणि डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढलं, स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून एकेक क्लिप उचकली. खरं काम तिथून पुढे होतं: पट्टीखाली पत्र्याच्या कडेला गंज. पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्राइमर) मारला, रात्रभर वाळू दिला. ही पायरी टाळू नकाच. नवी पट्टी गंज झाकते, थांबवत नाही. पट्टी किंचित लांब कापून मधून टोकांकडे दाबत नेली. काच जड फिरली तर सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीसने रबर फुगतं. दाराच्या तळाची भोकंही तारेने मोकळी करा. थोडं पाणी आत जातंच, ते तिथूनच निघतं.