ओरेगॅनोच्या पुड्यांचं काय करायचं?

पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठतात आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्यांचा गोळा होतो. घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब ठेवा. वापरण्याआधी चिमूटभर तळहातावर चुरडा. वास आला नाही तर फेकाच. सुकं ओरेगॅनो टोमॅटोच्या सॉसमध्ये सुरुवातीलाच घालायचं, ताजं असेल तर तिप्पट आणि गॅस बंद करताना. पुडीत बरेचदा मीठही असतं, तेव्हा चव बघूनच मीठ टाका.

काढ्याला मात्र ही पुडी नको. आमच्याकडे घसा धरला की ग्रिलमधल्या कुंडीतली पानओव्याची दोन जाड, लवदार पानं उकळतात. ओरेगॅनोला वास देणारं कार्वाक्रोल नावाचं द्रव्य त्यातही असतं. घशाला बरं वाटतं, ताप मात्र त्याने उतरत नाही. उरलेल्या पानांची भजी!