फोन दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

स्वारगेट स्टँडवर एखाद्या आजी ‘बाळा, माझा मोबाइल बंद पडलाय, मुलाला एक फोन लावून देतोस का?’ म्हणाल्या, तर नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. मात्र नंबर त्यांनी सांगायचा, लावायचा तुम्ही. स्पीकर चालू करा आणि फोन शक्यतो आपल्याच हातात धरा. एसटीच्या गोंगाटात त्यांना ऐकू येत नसेल, तर रिंग वाजू लागल्यावर पॉवरचं बटण एकदा दाबा, स्क्रीन बंद झाली की फोन त्यांच्या कानाला लावायला द्या. अँड्रॉइडवर कॉल चालू राहतो आणि फोन लॉक होतो. (‘पॉवर बटणाने कॉल बंद’ हा पर्याय चालू असेल तर कॉल तुटेल, तो आधी बंद करून ठेवा.) आयफोनवर बाजूचं बटण दाबलं की कॉल कट होऊ शकतो. ते टाळायची सोय आयओएस १६पासून सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘टच’खाली आहे.

उघडा फोन कुणाच्या हाती का देऊ नये? कारण फोन ॲपमधून कॉल फॉरवर्डिंगही लावता येतं. तसं झालं की तुमचे कॉल भलत्याच नंबरवर जातात, त्यात फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपीही आला. कोड डायल करून फॉरवर्डिंग लावण्याची सोय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४पासून बंद करायला लावली, ती याच फसवणुकीमुळे. तरी अनोळखी माणसाकडून फोन परत आला की फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडून पाहा. सगळे कॉल कायम पुढे पाठवण्याचा पर्याय बंदच असायला हवा.

घरात प्रश्न वेगळा असतो. भाचा कार्टूनसाठी फोन मागतो आणि पाच मिनिटांत तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर स्टिकर पडतात. यावर सर्वांत चांगला उपाय फोनमध्येच असतो, फक्त तो आधी चालू करून ठेवावा लागतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत ‘पिन’ टाइप करा (कंपनीगणिक जागा बदलते), ‘ॲप पिनिंग’ चालू करा आणि त्याखालचं ‘अनपिन करण्याआधी पिन विचारा’ हेही चालू करा. हे दुसरं बटण बरेच जण विसरतात, मग पोरगं दोन बटणं दाबून मोकळं होतं. आता यूट्यूब उघडा, अलीकडच्या ॲपची यादी काढा, यादीत यूट्यूबच्या वरच्या छोट्या चिन्हावर दाबून ‘पिन’ निवडा. तेवढंच ॲप हातात राहतं. बाहेर पडायला जेश्चर असतील तर खालून वर सरकवून धरून ठेवायचं, तीन बटणं असतील तर मागे जायचं आणि यादीचं बटण एकत्र धरायचं. पिन केलेल्या ॲपच्या आत मात्र सगळं दिसतं. फोन ॲप पिन केलं तरी कॉलची यादी उघडीच राहते.

आयफोनवर हेच काम ‘गायडेड ॲक्सेस’ करतं. ॲक्सेसिबिलिटीत ते चालू करा, पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा (फोनचा तर पोरांना पाठच असतो), मग ॲप उघडून बाजूचं बटण तीनदा दाबा. यात वेळेची मर्यादा घालता येते, स्पर्शही पूर्ण बंद करता येतो. लग्नाचा एकच फोटो दाखवायचा असेल तर स्पर्श बंद करून द्या, म्हणजे कुणी डावी-उजवीकडे सरकवणार नाही. अँड्रॉइडवर तेवढ्या फोटोंचा वेगळा अल्बम करा आणि तो उघडून द्या, सरकवलं तरी माणूस अल्बममध्येच फिरतो.

फोन बराच वेळ द्यायचा असेल, समजा पाहुण्यांना रात्रभर, तर सेटिंग्जच्या ‘सिस्टिम’मधला ‘एकाहून जास्त वापरकर्ते’ हा पर्याय शोधा आणि ‘अतिथी’ निवडा. तुमचे फोटो, व्हॉट्सॲप काहीच दिसत नाही. सॅमसंगच्या फोनवर सहसा हा पर्याय मिळत नाही.

इतकं करूनही माहिती फुटते ती तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण बोटाचे ठसे. घरातल्या कुणाचं बोट तुमच्या फोनवर नोंदवलं असेल, तर त्याच बोटाने व्हॉट्सॲपचं आणि पेमेंट ॲपचंही कुलूप उघडतं. परक्या बोटांची नोंद पुसून टाका. दुसरं, ‘एक्स्टेंड अनलॉक’, म्हणजे अँड्रॉइडमधली फोन उघडाच ठेवण्याची सोय. घर ‘विश्वासू जागा’ म्हणून ठरवलेलं असेल तर एकदा उघडलेला फोन घरात बराच वेळ लॉक होत नाही. तिसरं, लॉक स्क्रीनवर झळकणारे मेसेज. तिथे संवेदनशील मजकूर लपवायला सांगा, नाहीतर लॉक केलेल्या फोनवरही ओटीपी वाचता येतो. पैशांचं म्हणाल तर यूपीआय लाइटमधून (छोट्या खर्चासाठी आधी पैसे भरून ठेवायची सोय) १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार यूपीआय पिनशिवाय होतो, म्हणून पेमेंट ॲपला स्वतःचं कुलूप हवंच.

फोन परत आला की व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लगेच लॉग आउट करा. नाहीतर फोन तुमच्या खिशात असूनही चॅट तिकडे दिसत राहतात. पैसे गेले असतील तर थांबू नका, १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

राहिली दुरुस्ती. पुण्याच्या तापकीर गल्लीत असो की कोपऱ्यावरच्या दुकानात, फोन दिला की बिलाच्या कागदावर नऊ ठिपके काढून त्यावर तुमचा पॅटर्न गिरवून घेतात. तो कागद दिवसभर काउंटरवर पडून असतो. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो चालू केला की फोन रीस्टार्ट होतो, कारागिराला स्क्रीन, स्पीकर, कॅमेरा तपासता येतो आणि तुमचा डेटा लपलेला राहतो. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. दुसऱ्या कंपनीचा फोन असेल तर बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट करूनच द्या. फोन आधीच बंद पडलाय आणि रीसेट शक्य नाही, तर स्क्रीन किंवा बॅटरी बदलताना समोर बसून राहा. पॅटर्न सांगावाच लागला तर फोन हातात आल्याबरोबर दुकानाच्या पायरीवरच तो बदला.