विज्ञानकथेच्या निवासी कार्यशाळेला जाताय? कथा अर्धीच न्या

पाचगणी-महाबळेश्वरकडे विज्ञानकथा लेखनाच्या निवासी कार्यशाळेला निघालात, तर पूर्ण झालेली कथा नेऊ नका. तिच्यात कुणी हात घातलेला आपल्याला सहन होत नाही. एकच ‘समजा’ घेऊन जा, आणि त्यामागचं विज्ञान पक्कं करून जा.

असा ‘समजा’ सातारा जिल्ह्यातच मिळेल. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेत मोठा भूकंप झाला. धरणातल्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांसाठी आजही जगभर कोयनेचा दाखला देतात. त्यांच्या अभ्यासासाठी या भागात सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खोदलंय. समजा, तिथल्या यंत्राला हादऱ्याची चाहूल दोन तास आधी लागली. गाव रिकामं करा, हे कोण सांगणार? दावणीची गुरं सोडून पाटणकडची आजी निघेल? माझ्या मते खरी कथा या आजीपाशी सुरू होते.

रात्री जेवणानंतरची वाचनं अजिबात चुकवू नका. आपलं पान दुसऱ्याला मोठ्याने वाचायला द्या. तो अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा, मध्ये बोलू नका. बहुतेकदा तिथेच आपण माहिती कोंबलेली असते. सकाळी आधी तेवढंच कापा.